नऊ दुकानांची कॅसेट

माझं हे लिखाण कोणाच्या हाती पडलंच तर आधीच माफी मागून ठेवते. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून वहीवर चालत गेली असं वाटावं. आता बोटंही वाकडी झाली, दोन ओळी लिहिल्या की अंगठा दुखतो. वही माझ्या नातीची, पायलची आहे. अर्धी तिच्या गणितांनी भरलेली, अर्धी कोरी. लिहून झालं की मी ती ज्वारीच्या कोठीमागे सरकवून ठेवते. कोणाला दाखवायची नाही. पण तोंडाने सांगता येत नाही आणि न सांगता राहवतही नाही, म्हणून लिहिते.

झालं असं की मागच्या महिन्यात पायल फोन घेऊन माझ्यापुढे बसली. इथे हिंगणघाटला आमच्या गल्लीतल्या दुकानदारांनी मिळून फोनवर एक ग्रुप केला आहे. एकाने दुसऱ्याचं नाव सांगायचं, सगळ्यांनी मिळून गिऱ्हाईक आणायचं. माझी लेक सांडगे-पापड विकते, तर तिच्याही दुकानाचा व्हिडिओ करायचा होता. पायल म्हणाली, "आजी, तू फक्त एवढं म्हण, आजीच्या हातचे सांडगे, एकदा खाऊन पाहा. बस, झालं." मी नाही म्हणून मान हलवली. "काऊन वो आजी? दोन शब्दाइनं तुह्यं काय झिजते?" मी उठून आत गेले आणि वरणावर झाकण ठेवलं. तिने तिच्या आईला सांगितलेलं मला ऐकू आलं, "आजीले जमानाच समजत नाई." जमाना मला समजतो. तिच्या वयाची होते तेव्हा तो मी इतरांच्या आधी पाहिला, आणि पार गळ्यापर्यंत पाहिला.

माझं माहेर जाम गावाच्या अलीकडच्या एका फाट्यावर. हायवेच्या कडेला दुकानांची रांग, मागे पंधरा-वीस घरं आणि बाकी सगळी शेतं. आमचं घर आणि बाबांचं दुकान यांच्यामध्ये एक बांबूचा तट्ट्या आणि त्यावर टाकलेला पोत्याचा पडदा, एवढंच अंतर. बाबा स्टोव्ह, कंदील आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. त्यांचं सगळं काम कानांवर चालायचं. स्टोव्ह पेटवायचे, दोन पंप मारायचे, डोळे मिटायचे आणि आवाज ऐकून सांगायचे की वायसर गेलं आहे की पिनेत कचरा आहे. सकाळी जाग यायची ती स्टोव्हच्या फरफरीनेच. आमच्या घरात सगळ्यालाच रॉकेलचा वास. भाकरीला, ठेच्याला, माझ्या वेणीला. माय महिन्यातून एकदा गोळाभात करायची, वरून तापलेल्या तेलाची धार सोडायची. त्या दिवशी मात्र बाबांना हात तीनदा साबणाने धुवायला लावायची आणि मग त्यांच्या तळव्यांचा वास घेऊन बघायची. "अजून येते," म्हणायची. बाबा चौथ्यांदा धुवायला जायचे. घरात एवढं हसू होतं, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे ते येणार नाही.

पाचवीची शाळा दुसऱ्या गावी होती आणि रस्ता ट्रकांचा, म्हणून माझी चौथीवर थांबली. मग मी बाबांचे बर्नर घासायला बसू लागले. लोक समोर आले की माझी मान खाली जायची. कोणी नाव विचारलं तर ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. पण पडद्याआड गेले की मी वेगळी असायची. किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून मोठ्याने वाचायची. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या बाया जशा प्रत्येक शब्द वेगळा काढून ठेवतात, तशी नक्कल करायची. रविवारी विहारात वंदना असायची, तिथे मी खांबाच्या मागे बसायची आणि खांबाच्या मागूनच त्रिशरण म्हणायची. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, मंदाने सुरुवात केली की सगळ्यांची वंदना एका सुरात लागते. तोंडावर केलेलं कौतुक मला झेपत नसे, पण हे मी रात्री आठवून आठवून झोपायची. तेवढी एकच गोष्ट माझी होती.

त्या वर्षी फाट्यावरच्या दुकानदारांनी मंडळ काढलं. आजूबाजूच्या गावांचे लोक फाट्यावर फक्त एसटी बदलायला उतरायचे आणि खरेदीला हिंगणघाटला जायचे. आमच्या दुकानांसमोर उभे राहून, आमच्याच सावलीत, हिंगणघाटच्या गाडीची वाट पाहायचे. पुढाकार गुलाबरावजींचा. त्यांचं कापडाचं दुकान फाट्यावर सगळ्यांत मोठं, दोन पायऱ्यांचं. ते म्हणाले की एकट्या-दुकट्याने काही होणार नाही, नऊही दुकानांनी मिळून जाहिरात करावी. शेषरावची सायकलरिक्षा भाड्याने घ्यावी, तिच्यावर बॅटरी आणि भोंगा बांधावा, एक कॅसेट भरावी आणि रोज एका गावाच्या बाजारात फिरवावी. प्रत्येक दुकानाचा वाटा दीडशे रुपये. बाबांकडे दीडशे नव्हते. गावात गॅसच्या शेगड्या येऊ लागल्या होत्या आणि स्टोव्ह कमी होत चालले होते.

बैठक आमच्याच दुकानासमोर बाकावर चालली होती. मी आत पुडीचा कागद वाचत होते, बाहेर कोणी ऐकत असेल याचं भान नव्हतं. फोटो स्टुडिओवाले रमेशभाऊ बोलता बोलता थांबले.

"रेडिओ लावला का जी आत?"

"रेडिओ नाई, आमची मंदा हाय," बाबा म्हणाले.

सगळे गप्प होऊन ऐकू लागले, आणि ते गप्प झाले हे कळताच मीही गप्प झाले. गुलाबरावजी म्हणाले, "हिंगणघाटचा माणूस आवाज द्याले शंभर रुपये मागून राह्यला. घरचं सोनं असून पितळ कायले विकत घ्यायचं? असं करा, तुमचा वाटा माफ. पोरीचा आवाज द्या." बाबांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "द्या म्हणजे काय, घ्या ना जी. आपलंच मंडळ हाय." संध्याकाळी मायने ऐकलं तेव्हा ती भाकर थापता थापता म्हणाली, "थो पोरीचा आवाज हाय, तुमचा पाना नाई, का कोणालेही वापराले देऊन द्यावा." बाबा हसले. मीही हसले होते. मला त्यात वाईट काही दिसत नव्हतं, हे खरं लिहिलं पाहिजे.

कॅसेटमध्ये कोणाचं नाव आधी घ्यायचं यावर दोन दिवस भांडण झालं. गुलाबरावजी म्हणाले अध्यक्ष मी, तर कापड आधी. चक्कीवाले नथ्थूजी म्हणाले, "माणूस आधी खाते का आधी कपडे घालते?" गुलाबरावजी म्हणाले, "घराबाहेर पडताना तं आधी कपडेच घालते बावा!" शिंपी म्हणाला की मग शिवल्याशिवाय काय नुसतं थान गुंडाळून जाते? शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. बाबांनी गॅसबत्तीची काच तळहातावर उभी धरली, तिच्यात नऊ चिठ्ठ्या टाकल्या आणि मला काढायला लावल्या. नथ्थूजींची चक्की पहिली निघाली. गुलाबरावजी आठवे, बाबा नववे. गुलाबरावजी तोंडाने म्हणाले, "चालते, पोरीचा हात देवाचा," पण त्यांची नजर माझ्या हातावरच राहिली होती. मी हात पदरात घेतला.

कॅसेट रमेशभाऊंच्या फोटो धुवायच्या काळ्या खोलीत भरली. तेवढीच खोली अशी होती की तिथे रस्त्याचा आवाज कमी येई. आत लाल दिवा आणि औषधाचा आंबूस वास. रमेशभाऊंनी मजकूर लिहून दिला होता, ग्राहक बंधू-भगिनींनो, हिंगणघाटला जाण्याचे कष्ट कशाला, असा. त्यांच्यासमोर माझ्या तोंडातून शब्द निघेना, म्हणून ते बाहेर गेले आणि बाबा काळ्या पडद्यापलीकडे स्टुलावर बसले. दोन बटणं एकदम दाबायची, त्यातलं एक लाल, हे मला दाखवून ठेवलं होतं. ट्रक आला की थांबायचं, गेला की पुन्हा सुरुवात. पाच-सहा वेळा करून नऊही दुकानं नीट झाली. अंधारात, एकटीने, माझा आवाज मला फार बरा वाटला. मग पडद्यापलीकडून बाबा म्हणाले, "मंदे, हे सारं पुस्तकासारखं झालं. लोकं आयकतीन आन् सोडून देतीन. शेवटी घरच्यासारखं एक वाक्य टाक. मावशी गावाले जाते तवा तू कसं म्हणते तिले?"

मावशी निघाली की मी दारात उभी राहून नेहमी एकच म्हणायची, परत ये म्हणून. बटणं पुन्हा दाबली. बाबांचं दुकान शेवटी होतं, त्याच्यामागे ते वाक्य लागलं. "आणि स्टोव्ह, कंदील, गॅसबत्तीची दुरुस्ती आमच्या बाबांच्या दुकानात. येजा बरं, मी वाट पाहून राह्यली."

मावशी डोळ्यांपुढे धरूनच मी ते म्हटलं होतं. त्या आवाजात जी माया होती ती एका बाईसाठी होती, तिचं नाव सरूमावशी.

शेषरावच्या रिक्षेवर भोंगा बांधला गेला आणि मी गावोगाव फिरू लागले. आठ दिवस मला खरंच आवडलं. रस्त्याने लांबून आवाज यायचा, बारीक असायचा, मग मोठा व्हायचा, आणि मी बर्नर घासता घासता ओठ हलवायची. मंडळाचा उद्देशही साधला, खोटं कशाला लिहू. लोक फाट्यावर थांबू लागले. चक्कीवर रांग लागली, शिंप्याने एक मशीन आणखी घेतलं, हॉटेलवाल्याचा आलुबोंडा दुपारीच संपू लागला. नऊ माणसं एकत्र आली तर काय होतं ते फाट्याने पाहिलं. फक्त ती दहा होती, आणि दहावीला कोणी मोजलं नव्हतं.

पोरं ओळी पाठ करत नाहीत, शेवट पाठ करतात. चक्की, किराणा, सायकल कोणाच्या लक्षात राहिलं नाही. विहिरीवर गेले की मागून यायचं, "येजा बरं." एसटीच्या खिडकीतून यायचं, "मी वाट पाहून राह्यली." बाजाराच्या गावांतली पोट्टी सायकली हाणत फाट्यावर येऊ लागली आणि बाबांच्या दुकानात चांगले स्टोव्ह आणू लागली, पिनेत मुद्दाम माती घालून. बाबा डोळे मिटून स्टोव्हचा आवाज ऐकायचे, पिन साफ करायचे, पैसे घ्यायचे. एकदा एकाने विचारलं, "काका, वाट पाह्यणारी कोठी गेली?" बाबा हसून म्हणाले, "आत हाय, लाजते." मी पोत्याच्या पडद्याआड बसले होते. रॉकेलचा बोळा हातात तसाच राहिला. इतकी वर्षं झाली, बाबाही गेले, पण "आत हाय, लाजते" हे मी त्यांना माफ केलं असं या वहीत लिहिता येत नाही.

मग विहारातलं झालं. रविवारी मी खांबामागे बसून सुरुवात केली. एक ओळ झाली, आणि दुसरीच्या आधी मी श्वास घेतला तेवढ्यात मागच्या पोरांतून कोणीतरी माझ्याच हेलात हळूच म्हटलं, "येजा बरं." फिदीफिदी हसणं ऐकू आलं. एका म्हातारीने त्यांना शिव्या घालून बाहेर काढलं. ती खूप रागावली होती. पण वंदना झाल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "काही दिवस तू मनातल्या मनात म्हणत जाय, माय." तिने मायेनेच सांगितलं. काही दिवसांचे पुढे किती दिवस झाले ते मोजता येणार नाही. अजूनही विहारात मी फक्त ओठ हलवते.

दिवाळीच्या आधी मला पाहायला पाहुणे आले, समुद्रपूरकडचे. मुलगा बिजलीच्या ऑफिसात लागलेला, सोबत त्याचा मामा आणि दोन दोस्त. मायने बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता, घर तिखटाच्या वासाने भरलं होतं. मी चहा दिला. मुलाने एकदा वर पाहिलं आणि पटकन खाली पाहिलं, म्हणजे तोही लाजरा होता. मला तो आवडला. मामाने नाव विचारलं. मी सांगितलं, जेवढं जमलं तेवढ्या आवाजात. मामाने बशी थांबवली.

"हा आवाज कुठं तरी आयकला वाटते."

एक दोस्त दुसऱ्याला कोपराने ढोसत म्हणाला, "भोंग्यावरची हाय, मामाजी."

बाबांना कौतुकच वाटलं. ते खरोखर अभिमानाने म्हणाले, "हो जी, आमच्या मंडळाची कॅसेट. साऱ्या तालुक्यात फिरते. म्हण ना मंदे, पाहुण्याइले म्हणून दाखव." मायने आतून बांगड्या वाजवल्या, म्हणजे नको. मी बाबांकडे पाहिलं. ते वाट पाहत होते. मोठ्या माणसाला नाही म्हणणं मला तेव्हा येत नव्हतं. मी जमिनीकडे पाहून म्हटलं, "येजा बरं, मी वाट पाहून राह्यली."

मग एक दोस्त हसला आणि त्याने ते हसणं खोकल्यात घालवलं. मुलाचे कान लाल झाले होते. मामाने उरलेला चहा तसाच ठेवला. पाहुण्यांनी रस्सा खाल्ला नाही, उशीर होतो म्हणाले. दोन दिवसांनी निरोप आला, पोरगी चांगली आहे, घर चांगलं आहे, पण आमच्या गावातली सारी पोट्टी तिला आवाजाने ओळखतात, लग्नाच्या मांडवातच कोणी काही बोललं तर कोणाचं तोंड धरणार. मायने तो दोन दिवसांचा रस्सा गाईपुढे ओतला. त्या रात्री ती बाबांशी जे बोलली ते मी लिहिणार नाही. बाबा एवढंच म्हणत राहिले, "मी काय वाईट केलं? आपलं नाव गावोगाव गेलं." माय शेवटी म्हणाली, "नाव तुमचं गेलं. गेली थे पोरगी."

दुसऱ्या दिवशी मायने मला धरून गुलाबरावजींच्या दुकानात नेलं. बाबा आले नाहीत. मंडळातले चार-पाच जण तिथेच गादीवर बसलेले होते. माय पायरीवर उभी राहून म्हणाली, "कॅसेट बंद करा जी. पोरीचं लग्न मोडलं."

गुलाबरावजींनी आम्हाला पाणी द्यायला लावलं, ते वागायला फार सभ्य. म्हणाले, "बाई, वाईट झालं. पण दुकानं चालून राह्यले. ऐन कापसाचा पैसा येऊन राह्यला लोकाइकडं. एकीसाठी नऊ दुकानाइनं काऊन मरावं?"

"शेवटचं वाक्य तरी काढा."

नथ्थूजी म्हणाले, "अवो, त्या वाक्यावरच तं लोकं थांबते. आवाजात लक्ष्मी हाय पोरीच्या."

"मंग तुमच्या पोरीचा घाला ना भरून," माय म्हणाली. नथ्थूजींनी पानदान जवळ ओढलं.

गुलाबरावजींनी थोडा विचार केला. मग अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, की आवाज हा वाट्याच्या बदल्यात दिलेला आहे. आवाज परत पाहिजे तर वाटा भरावा लागेल, दीडशे. आणि नवी कॅसेट भरायचा खर्च पन्नास, कारण नुकसान मंडळाने का सोसावं. दोनशे पूर्ण आले की त्याच दिवशी कॅसेट बंद. "पूर्ण आले की," असं त्यांनी दोनदा म्हटलं. माझ्याकडे पाहून विचारलं, "बरोबर हाय ना, पोरी?" मी नेहमीसारखी मान हलवली. पायरी उतरताना मायने मला दंडाला इतकं जोरात धरलं की चार बोटं उमटली. "मान काऊन हलवली?" ती म्हणाली. मला माहीत नव्हतं.

दिवाळी झाली आणि आम्ही दोघी कापूस वेचायला जाऊ लागलो. पहाटे डबा बांधायचा, भाकर, ठेचा आणि कधी आंबाडीची भाजी. दहिवर असेपर्यंत हात ओले, मग ऊन, मग बोंडांची टोकं नखांच्या मुळाशी घुसायची. किलोवर मजुरी. मायची मजुरी घरात जायची आणि माझी एका कापडात बांधून, दर आठवड्याला गुलाबरावजींकडे. ते शेत रस्त्याला लागून होतं. बाजाराच्या दिवशी दहाच्या सुमाराला शेषरावची रिक्षा तिथून जायची. लांबून माझाच आवाज यायचा, बारीक, मग मोठा. चक्की, सायकल, बांगड्या, एकामागून एक. सगळ्या बाया कमरेला पोतं बांधून वाकलेल्या असायच्या, त्या हळूहळू सरळ व्हायच्या आणि माझ्याकडे पाहायच्या. एकदा एक जण म्हणाली, "मंदे, तथी तं मोठी पोपटासारखी बोलते, अठी काऊन मुकी?" सगळ्या हसल्या. तिच्यात दुष्टावा नव्हता, दिवसभर वाकून काम करताना माणसाला हसायला काहीतरी लागतं. मी हातातली ओळ, माझा तास, सोडला नाही. वर भोंगा गोड गळ्याने सगळ्यांना बोलावत होता आणि खाली मी तो बंद करायला बोंडं मोजत होते. त्या दिवसांत घरातही मी बोलेनाशी झाले. भाकर पाहिजे तर बोट दाखवायची. तोंड उघडलं की तोच आवाज निघेल अशी भीती वाटायची.

बाबांनी एकदा मला पाच रुपयांची नोट दिली. म्हणाले, "तुह्या कापडात ठेव." मी घेतली नाही. त्यांना ते पैसे कशातून मिळाले होते ते मला माहीत होतं, पिनेत माती घातलेल्या स्टोव्हांतून. ते नोट हातात धरूनच दुकानात जाऊन बसले. बाप-लेकीतलं बोलणं तिथून कमी झालं ते कायमचं. पुढे मला हिंगणघाटला दिलं, कापसाच्या जिनातल्या हमालाला, जो कधी आमच्या बाजाराला आला नव्हता. भला माणूस होता. तीस वर्षं त्याला वाटत राहिलं की मी जन्मतःच अबोल. मी ते तसंच राहू दिलं.

संक्रांतीच्या दिवशी शेवटचे बावीस रुपये जमले. माय म्हणाली मी येते, मी हाताने नको म्हटलं. सकाळची वेळ होती. गुलाबरावजींच्या दुकानासमोर शेषरावची रिक्षा उभी होती, बाजाराला निघायच्या आधी तो तिथेच भोंगा लावून तपासायचा. भोंगा चालू होता. मी पायरीवर कापड सोडलं, पैसे गादीवर ठेवले. गुलाबरावजींनी मोजले, चिल्लर वेगळी केली, पुन्हा मोजली. वर भोंग्यात शिंपी झाला, हॉटेल झालं. मग ते स्वतः आले, कापडाचे भव्य दालन म्हणून. ते मान वाकडी करून ऐकत राहिले, स्वतःचं नाव शेवटचं ऐकावं तसे. मग म्हणाले, "झाले पूर्ण. फिटलं तुह्या बापाचं." वाटीतला तिळाचा लाडू पुढे केला. "घे. आज तरी काही बोल, गोड सण हाय."

मी लाडू घेतला नाही आणि बोलले नाही. भोंग्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी शेषरावला हाक मारली, "बंद कर रे थे." भोंगा तेव्हा म्हणत होता, "आणि स्टोव्ह, कंदील, गॅसबत्तीची दुरुस्ती आमच्या बाबांच्या..." शेषरावने बटण दाबलं. रस्त्यापलीकडे बाबा एक स्टोव्ह पेटवून, डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले, पुढच्या शब्दांची वाट पाहिली आणि मग त्यांना पायरीवर मी दिसले. आम्ही दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना तसेच राहिलो, मध्ये एक ट्रक गेला. मी रिकामं कापड घडी करून कमरेला खोचलं. दोनशेचे दोनशे रुपये फिटले होते.